स्पेनची लाल वाईन, बाभळीचा निखारा आणि आमची उपटलेली बाग



परवा पहाटे वस्तीवर पारा ९ वर आला होता. गव्हाला, हरभऱ्याला ही थंडी म्हणजे सोनं. द्राक्षवाल्याला मात्र अशा रात्री झोप लागत नाही. मणी फुगवणीत असताना थंडी वाढली की वाढ थांबते, पिंक बेरीची भीती असते, आणि सकाळी पानाखाली भुरी शोधत फिरावं लागतं. पण माझी आता द्राक्षाची बाग नाही. ऊस, कांदा आणि थोडी ज्वारी आहे. त्यामुळं थंडीत शेकोटीला बसून लिहायला वेळ मिळतो.

मागच्या आठवड्यात वस्तीवर हुरडा होता. पाव्हणेमंडळी आली होती, त्यात एक तरुण कृषी सहायकही होते. त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही वाईनची द्राक्षं केली होती म्हणे. मग सांगा, असल्या थंडीत मटणासंगं कोणती वाईन चांगली?" सगळे हसले. मी म्हणलं, "स्पेनची लाल. टेम्प्रानियो नावाच्या द्राक्षाची." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. पण त्या उत्तरामागं बराच इतिहास आहे. थोडा आपल्या शिरूर-दौंडचा, थोडा स्पेनचा आणि थोडा माझ्या दोन एकराचा. तो आज सविस्तर लिहितो. लांबलंय, पण सवडीनं वाचा.

आधी एक सांगतो. जो पीत नाही त्यानं हे वाचून सुरू करावं म्हणून मी लिहीत नाही. आमचे वडील माळकरी होते, घरात वारी आहे. दारूनं बसलेली घरं मी या दोन्ही तालुक्यांत डोळ्यानं बघितली आहेत. आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीनं गावातल्या भट्ट्या बंद करून दाखवल्या, आणि अनेक गावांत बायकांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकानं बंद केली. त्या सगळ्यांचा मला आदर आहे. पण द्राक्ष हे आपलं पीक आहे. त्या पिकाचं शेवटी काय होतं, हे पिकवणाऱ्याला माहीत पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

घोडनदीची छावणी

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. पेशवाईच्या शेवटच्या काळात इथं इंग्रजांची छावणी होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला जी लढाई झाली, तिथली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. त्याच्याही आधी, १८०९ मध्ये, कर्नल विल्यम वॉलेस नावाचा अधिकारी इथं वारला. त्याचं थडगं शिरूरला आहे. आपली माणसं बघा कशी, परक्या गोऱ्या साहेबालाही "सत्पुरुष" म्हणून नैवेद्य दाखवू लागली. जुन्या गॅझेटियरमध्येही त्याची नोंद आहे.

हा वॉलेस १८०३ च्या असईच्या लढाईत आर्थर वेलस्लीच्या हाताखाली होता. वेलस्लीनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि सप्टेंबरमध्ये असईला शिंदे-भोसल्यांची फौज हरवली. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आपल्या मुलखातून गेल्यावर त्यानं पुढची मोठी लढाई केली ती पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये, नेपोलियनच्या फौजांशी. १८१२ ला सालामांका, १८१३ ला व्हितोरिया. व्हितोरिया हे गाव आज ज्याला रिओखा म्हणतात त्या द्राक्षमुलखाच्या अगदी शेजारी आहे. म्हणजे ज्या माणसाची घोडी आपल्या घोड-भीमेच्या पट्ट्यात पाणी प्याली, तो दहा वर्षांनी टेम्प्रानियोच्या बागांशेजारी लढत होता.

त्या काळातले कंपनी सरकारचे साहेब मदिरा, पोर्ट, शेरी आणि फ्रान्सची क्लॅरेट प्यायचे. मदिरा आणि पोर्ट पोर्तुगालची, शेरी स्पेनची. मदिरा, पोर्ट आणि शेरीत वरून स्पिरिट घातलेलं असतं, म्हणून त्या जहाजाच्या लांब प्रवासात टिकायच्या. थोडक्यात, युरोपची वाईन आपल्या माळावर येऊन सव्वादोनशे वर्षं झाली. पण ती साहेबाच्या तंबूत होती, आपल्या शेतात नव्हती.

शेतात द्राक्ष कधी आलं

दख्खनात द्राक्ष जुनं आहे. दौलताबादची द्राक्षं तुघलकाच्या काळापासून, म्हणजे चौदाव्या शतकापासून, प्रसिद्ध असल्याचं सांगतात. पण आपल्याला माहीत असलेली द्राक्षशेती अलीकडची. भोकरी, अनाबेशाही, मग थॉमसन सीडलेस. त्यानंतर आपल्याच शेतकऱ्यांनी बागेत फिरून वेगळ्या काड्या हेरल्या. तासगावकडच्या बोरगावातून तास-ए-गणेश आली, सोलापूरच्या नान्नजमधून नानासाहेब काळ्यांची सोनाका आली. ह्या कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेतून आल्या नाहीत, बांधावरून आल्या. पुढं १९९७ मध्ये मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र झालं, तेही आपल्या पुण्याच्या उंबऱ्यात.

वाईनची सुरुवातही आपल्या जवळचीच. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञ आणून फसफसणारी वाईन केली. शिरूरहून नारायणगाव तसं शेजारचंच. त्या वेळी मी शाळेत होतो, आणि "जुन्नरला शॅम्पेन करतात" हे ऐकून आम्हाला ती कोल्ड्रिंकसारखी काहीतरी वाटायची. नंतर नाशिकला सुला आली, तिची पहिली वाईन २००० सालची. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षाच्या वाईनला उत्पादन शुल्कात माफी दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी वाईन.

आपल्या दौंड तालुक्यात रोटी गावाला फोर सीझन्सची वायनरी उभी राहिली. सोलापूर रोडनं पाटस सोडून बारामतीकडं वळलं की तो भाग लागतो. ज्या माळावर आपण मेंढरं चरायची बघितली तिथं शिराझ, कॅबरने सोव्हिन्यो, मर्लोच्या ओळी दिसू लागल्या. हुलग्या-मटकीच्या रानात फ्रान्सची नावं!

माझे दोन एकर

२००५ मध्ये मीही दोन एकर शिराझ लावली. कुणाशी करार केला त्याचं नाव लिहीत नाही, आणि या लेखात ज्यांची नावं आली आहेत किंवा येतील त्यांपैकी ती कंपनी नाही. उगीच कुणावर शंका नको. दर किलोला ३२ रुपये ठरला होता. त्या वेळी उसाचं बिल बघितलं की हा आकडा डोळ्यात भरायचा.

वडिलांनी एकच विचारलं, "ह्याचं काय होतं?" मी म्हणलं, "वाईन." ते म्हणले, "म्हणजे दारू." त्यानंतर ते त्या तुकड्यात कधी पाय ठेवेनात. बांधावरून जायचे, पण आत नाही. भांडलेही नाहीत.

पहिला माल २००७ ला निघाला. पैसे वेळेवर आले. २००८ ला त्याहून चांगला माल, तेही पैसे आले. २००८ च्या शेवटी जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईच्या हॉटेलांवर हल्ला झाला, पर्यटक थांबले, हॉटेलांतली वाईनची उचल बसली. टाक्या भरलेल्या, गिऱ्हाईक नाही. २००९ ला माझा माल गेला, पण चेक आठ महिने उशिरा आला, तोही अर्धा. २०१० च्या फेब्रुवारीत गाडीच आली नाही.

खाण्याच्या द्राक्षाचं तसं नसतं. निर्यात फसली तर मार्केट यार्ड आहे, नाहीतर बेदाणा आहे. वाईनच्या द्राक्षाला दुसरं दार नाही. मणी बारीक, बी मोठं, साल जाड, बाजारात कोण घेणार? मी रोज रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फिरायचो. ब्रिक्स २२ झाली, २४ झाली, २६ झाली. फोन कुणी उचलेना. मग मणी सुकायला लागले, पाखरं आणि गांधीलमाश्या पडल्या. शेवटी रसवाल्याला किलोला सात रुपयांनी दिला. त्यात तोडणीची मजुरी निघाली, बाकी काही नाही.

मे महिन्यात जेसीबी बोलावला. वेली उपटायला लागलो तेव्हा वडील पहिल्यांदा त्या तुकड्यात आले. बांधावर बसले. दोन ओळी उपटून झाल्यावर म्हणले, "झाडाचा काय दोष होता रं?" एवढंच. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता येत नाही. आमचे वाय अँगल शेळ्यांच्या गोठ्याला लागले, तारा कुंपणाला. वेलीचे खोड दोन वर्षं चुलीला पुरले.

आणि यातली सगळ्यात मोठी गंमत सांगू का? चार हंगाम मी ती द्राक्षं पिकवली, पण त्या वाईनचा एक थेंब कधी चाखला नव्हता. पुस्तक न वाचता छापणाऱ्यासारखी माझी गत होती.

त्यांचीही बाग मेली होती

आमची बाग गेल्यावर मला एकच प्रश्न पडायचा. जगात बाकीचे लोक शेकडो वर्षं हेच पीक करतात, त्यांचं कधी बुडत नाही का? मग मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा कळलं, त्यांचं आपल्यापेक्षा जास्त बुडालं होतं.

१८६० च्या दशकात फ्रान्समध्ये फायलोक्सेरा नावाची कीड आली. मावा जातीतली बारीक कीड, मूळ अमेरिकेची, वेलीच्या मुळावर जगते. वरून फवारून काही होत नाही. गावंच्या गावं वाळली. फ्रान्सच्या व्यापाऱ्यांकडं गिऱ्हाईक होतं, पण माल नव्हता. ते पिरेनीज डोंगर ओलांडून स्पेनच्या रिओखात उतरले. त्याच सुमाराला, १८६३ मध्ये, रिओखातल्या हारो गावाला रेल्वे आली होती. व्यापाऱ्यांनी स्टेशनाशेजारीच वाईनची कोठारं बांधली. ती पेठ आजही स्टेशनची पेठ म्हणूनच ओळखली जाते. आपल्या दौंडला मनमाडचा फाटा १८७८ ला निघाला आणि गाव कसं बदललं, ते ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी होती त्यांना माहीत आहे. रूळ आला की माल वाट धरतो, हे दोन्हीकडं सारखंच.

फ्रेंचांनी रिओखाला एक गोष्ट शिकवली, २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात वाईन मुरवायची. तिथलं स्थानिक द्राक्ष टेम्प्रानियो. स्पॅनिशमध्ये तेम्प्रानो म्हणजे लवकर. हे द्राक्ष तिथल्या दुसऱ्या वाणांच्या आधी पिकतं, म्हणून ते नाव. मणी काळा-निळा, साल जाड, घड घट्ट, आणि भुरीला नाजूक. शेवटचं वाचून मला बरं वाटलं. म्हणलं, चला, भुरी तिथंही कुणाला सोडत नाही.

तीस-चाळीस वर्षं रिओखाची चांदी झाली. मग साधारण १९०० च्या तोंडावर तीच कीड रिओखातही पोचली. फ्रेंच व्यापारी आपल्या देशात परत गेले, कारण तोवर त्यांच्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे एकाच वेळी बाग मेली आणि गिऱ्हाईक गेलं. माझी २०१० ची गत त्या लोकांची आख्ख्या जिल्ह्याला झाली होती.

ते कसे उभे राहिले? दोन गोष्टींनी. पहिली, कलम. ज्या अमेरिकेतून कीड आली तिथल्याच जंगली वेलीचं मूळ घेतलं, कारण तिला त्या किडीची सवय होती, आणि त्यावर आपलं द्राक्ष बांधलं. आपण नव्वदच्या दशकापासून डॉगरिजवर थॉमसन भरतो ते क्षारपड जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी. पण युक्ती तीच, रोगाच्या घरातूनच औषध आणायचं. वाईनच्या बागांना आपल्याकडं ११० आर, ११०३ पॉलसन असे खुंटही वापरले जातात. हे सगळे त्याच संकटाच्या काळात युरोपात तयार झालेले वाण आहेत. म्हणजे फ्रान्स-स्पेनच्या त्या मेलेल्या बागांचं देणं आज आपल्या जमिनीत आहे.

दुसरी गोष्ट संघटना. १९२५ मध्ये रिओखाच्या नावाला सरकारी मान्यता मिळाली आणि पुढच्या वर्षी नियामक मंडळ झालं. आज त्या मंडळात द्राक्ष पिकवणारा आणि वाईन करणारा दोघंही बसतात. एका हेक्टरातून लाल द्राक्ष किती काढायचं यालाही मर्यादा आहे, ६५०० किलो. म्हणजे एकरी जेमतेम २६ क्विंटल! आपण खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा-बारा टन काढणारी माणसं, आपल्याला हे वेडेपण वाटेल. पण माल कमी, गोडी आणि रंग जास्त, आणि नाव टिकून. शिवाय स्पेनमध्ये वाईनचा मोठा हिस्सा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था करतात.

इथं मला खरी ठेच लागली. सहकार काय आपल्याला नवीन आहे का? १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्यानंतर आपला सगळा पट्टा कारखान्यांनी भरला. त्यात काय चांगलं, काय वाईट, त्यावर वेगळं लिहीन. पण उसाला सभासद म्हणून बोलायला जागा आहे, एफआरपीचा कायदा आहे. वाईनच्या द्राक्षाला आपण फक्त करारावर अंगठा उठवला. मालकीत नव्हतो, मंडळात नव्हतो, चवीत तर नव्हतोच.

पहिला घोट

टेम्प्रानियो आपल्याकडंही आली आहे. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात चारोसा वायनरीनं तिची वाईन काढली होती. ग्रोव्हर झाम्पा टेम्प्रानियो आणि शिराझ एकत्र करून शेन नावाची वाईन करते. पुढं चारोसा आणि आपल्या रोटीची फोर सीझन्स या दोन्ही त्याच ग्रोव्हर झाम्पाकडं गेल्या. म्हणजे स्पेनच्या या द्राक्षाचा आणि दौंड तालुक्याचा असा वळसा घालून का होईना संबंध लागला.

मी ती पहिल्यांदा चाखली ती तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात. माझा पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. त्यानं एक बाटली आणली, स्पेनच्या रिबेरा देल दुएरोची. दुएरो ही तिथली नदी, आणि तिच्या काठचा हा मुलूख समुद्रसपाटीपासून ७५० ते ९०० मीटरवर आहे. दिवसा ऊन, रात्री कडक गारठा. आपण पाचशे-साडेपाचशे मीटरवर आहोत, पण जानेवारीतलं दिवस-रात्रीचं अंतर आपल्याकडंही तसंच मोठं. बाटलीची किंमत दोन हजाराच्या वर होती. बाहेरच्या वाईनवर बरीच वर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं, हे लक्षात घ्या. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षं लागतात. मी मनातल्या मनात ३२ रुपये आणि सात रुपये असे दोन्ही आकडे त्या बाटलीशेजारी ठेवून बघितले.

पुतण्या म्हणला, "काका, तिकडं कोकराचं मटण द्राक्षाच्या काड्यांवर भाजतात." हे खरं आहे. रिओखात छाटणीच्या वाळलेल्या काड्यांच्या पेंढ्या बांधून ठेवतात, थंडीत त्या पेटवून निखारा करतात आणि कोकराच्या बरगड्या भाजतात. वर फक्त मीठ. छाटणी आणि जेवण एकाच पिकाचं. ऐकून मला इतकं आवडलं की लगेच मित्राच्या बागेतून काड्या आणायला निघालो. मग डोकं ठिकाणावर आलं.

मित्रांनो, हे आपल्याकडं करू नका. आपल्या काड्यांवर वर्षभराचं मोरचूद, गंधक आणि आंतरप्रवाही बुरशीनाशकं बसलेली असतात. तो धूर मटणात नको. मी बाभळीचा निखारा केला. बोकडाच्या बरगड्यांना मीठ, लसूण आणि थोडी मिरी लावून भाजल्या. घरच्यांसाठी नेहमीचा काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी, आणि बायकोनं मासवडी केली होती.

पहिला घोट घेतला तेव्हा तोंड आवळलं. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर आवळतं तसं. पुतण्या म्हणला, "आता मटणाचा घास खा, मग परत घ्या." तसं केलं आणि चव बदलली. सालीतला आणि बीमधला तुरटपणा, ज्याला टॅनिन म्हणतात, तो मांसातल्या प्रथिनाशी आणि चरबीशी जुळतो आणि मऊ होतो. थंडीत आपण चरबीचं, जड खातो, म्हणून ही भरदार वाईन थंडीत शोभते. उन्हाळ्यात काकडी-कोशिंबिरीबरोबर हीच वाईन जड वाटेल.

तिखट रश्शाबरोबर मात्र फसली. झणझणीत तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त भाजतात, जीभ पेटते. मासवडीबरोबर पातळ आमटी कमी तिखट ठेवली तर तीळ-खोबऱ्याशी छान जमली. ही माझी सगळ्यात आवडती जोडी निघाली, आणि तीही शाकाहारी!

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. रिओखाच्या बाटलीवर क्रियान्सा लिहिलं असेल तर दोन वर्षं मुरलेली, त्यातलं निदान एक वर्ष पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं, ग्रान रेसेर्वा पाच. मागच्या लेबलवर मंडळाचा शिक्का असतो. जेवणाला क्रियान्सा पुरेशी आहे. अजून भरदार पाहिजे तर रिबेरा देल दुएरो. आपल्या मातीतली पाहिजे तर टेम्प्रानियो-शिराझ. फ्रीजमध्ये बर्फासारखी गार करू नका, तुरटपणा वाढतो. आपल्या जानेवारीत खोलीत ठेवली की १६ ते १८ अंशांवर आपोआप येते. महाराष्ट्रात यासाठी परवाना लागतो आणि वाईनला २१ वर्षं पूर्ण लागतात, हेही ध्यानात असू द्या.

आणि "वाईन म्हणजे दारू नव्हं" असं कुणी म्हणलं तर ऐकू नका. हिशोब करा. १४ टक्क्यांच्या वाईनचा दीडशे मिलीचा ग्लास म्हणजे २१ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या दारूचा तीस मिलीचा पेग म्हणजे जेमतेम १३ मिली. ग्लास पेगापेक्षा जड भरतो. वडील बरोबर बोलले होते. मी त्या रात्री एक ग्लास घेतला आणि बाटलीला बूच लावलं.

पुन्हा लावायची का?

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या दुकानांत वाईन विकायचा निर्णय घेतला, तेव्हा किती गदारोळ झाला ते आठवत असेल. शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून निर्णय, आणि शेतकऱ्याच्या घरासाठी म्हणून विरोध. दोन्ही बाजू आपलंच नाव घेत होत्या. मला मात्र कुणी विचारलं नाही की बाबा, तुझी गाडी का आली नव्हती?

आता त्याच पुतण्याच्या डोक्यात आहे, दोन एकर पुन्हा लावू. मी नको म्हणलं नाही. तीन गोष्टी सांगितल्या. एक, करारात तोडणीची तारीख, ब्रिक्स किती ते किती, आणि गाडी उशिरा आली तर कुणाचं नुकसान, हे लिहून घे. नुसता दर बघू नको. दोन, एकटा लावू नको. दहा जण मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढा, दोन वायनऱ्यांशी बोला, एकाच दाराशी उभे राहू नका. तीन, पिकवशील त्याची चव ओळख. पिण्यासाठी नाही, भाव ठरवताना समोरचा काय बोलतोय ते कळावं म्हणून. रिओखाच्या शेतकऱ्याला फ्रेंच व्यापारी गेल्यावर जे उमगलं, ते आपल्याला जेसीबी बोलवायच्या आधी उमगलं तर बरं.

आमच्या त्या तुकड्यात एका कोपऱ्यात, विहिरीकडंला, जेसीबीतून सुटलेला एक शिराझचा वेल अजून आहे. कडुनिंबावर चढलाय. छाटणी नाही, पाणी नाही, तरी फेब्रुवारीत चार-दोन घड धरतो. वडील होते तोवर त्यांनी तो कधी काढू दिला नाही. नातवंडं ते मणी खातात आणि बिया थुंकतात. यंदाही घड लागलेत.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात वाईनची द्राक्षं केली असतील तर तुमचा हिशोबही लिहा. करारात काय होतं आणि झालं काय, एवढं जरी नोंदून ठेवलं तरी पुढच्याला कामाला येईल.

राम कृष्ण हरी.